वर्कग्रुप उघडत नसेल तर आधी समोरचा संगणक तपासा

राउटर बदलल्यापासून दुसऱ्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर उघडत नाही, 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असा ८००७००३५ क्रमांकाचा एरर येतो आणि आता विंडोज नव्याने टाकण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. तो विचार कृपया तूर्त बाजूला ठेवावा, कारण मी नेमका तिथेच चुकलो होतो.

माझ्याकडेही निमित्त नव्या राउटरचेच होते. एका मदतकेंद्राच्या तंत्रज्ञाने दुरून माझा संगणक हाताळला, वर्कग्रुपचे (एकाच नेटवर्कवरच्या संगणकांच्या गटाचे) नाव दोनदा बदलले, एसएमबी १ (नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत) सुरू केले आणि अखेरीस मला विंडोज पुन्हा टाकायला लावले. सगळे प्रोग्रॅम नव्याने बसवण्यात माझा आठवडा गेला, तरी एरर तोच. ज्या संगणकावर फोल्डर होते, त्याकडे आम्ही दोघांनीही पाहिले नव्हते. नवा राउटर जोडला की विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते. त्या संगणकावर ते 'पब्लिक', म्हणजे सार्वजनिक, म्हणून नोंदले गेले होते, आणि त्यामुळे फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी रोखणारी विंडोजची सुरक्षा, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर (फोल्डर शेअर करण्यासाठीच्या मार्गावर) येणारी मागणी अडवत होता. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट' निवडताच फोल्डर उघडले. हे फक्त स्वतःच्या, विश्वासाच्या नेटवर्कवरच करावे. संगणक कार्यालयाचा असेल तर तिथल्या प्रशासकाला विचारल्याशिवाय काहीच बदलू नये.

एवढ्याने भागले नाही तर संगणकाच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा अंकी पत्ता) टाकून पाहावा. पत्त्याने उघडते आणि नावाने नाही, तर परवानग्यांना हात लावू नये. अडचण नाव ओळखण्याची असते. समोरचा संगणक केवळ यादीत दिसत नसेल, तर त्याच्यावरची 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही, संगणक इतरांना दिसू देणारी विंडोजची सेवा चालू आहे का ते पाहावे. पासवर्ड विचारला गेल्यास विंडोज उघडताना वापरायचा पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो; यातही पुष्कळांचा वेळ जातो.

एसएमबी १ सुरू करण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते तो देणे बेजबाबदारपणाचे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधील त्रुटीतूनच, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना एसएमबी १ चा सर्व्हरचा, म्हणजे आपले फोल्डर इतरांना देणारा, भाग बसवलाच जात नाही. आपण एसएमबी १ सुरू केले असल्यास आजच बंद करावे.

आयपी पत्ता टाकल्यावर काय होते आणि समोरच्या संगणकावर वेगळा अँटिव्हायरस आहे का, हे कळवावे. अशा अँटिव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल असेल तर तोही वेगळा तपासावा लागेल.