गाठ लिव्हरमध्ये, पण कॅन्सर कुठला?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांच्या (वय ६४) लिव्हरमध्ये दोन गाठी निघाल्या. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'कार्सिनोमा, आयएचसी करून घ्या' असं आलंय. म्हणजे परत पैसे, परत थांबायचं. कॅन्सर आहे हे कळलं ना, मग ट्रीटमेंट का सुरू करत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तुमची घालमेल कळते, पण ही आयएचसी टेस्ट (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली प्रोटीन्स रंगवून कॅन्सरचं मूळ शोधणं) टाळू नका. लिव्हरमध्ये गाठ म्हणजे लिव्हरचाच कॅन्सर असं नसतं. आतड्याचं बहुतेक सगळं रक्त आधी लिव्हरमध्ये येतं, त्याच्याबरोबर तिथल्या कॅन्सरच्या पेशी येऊन रुजतात, फुफ्फुसाच्या, ब्रेस्टच्यापण येतात. आणि आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये आला तरी तो आतड्याचाच, औषधं त्याचीच लागतात.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर (बायोप्सीच्या तुकड्याला दिलेल्या रंगावर) कधीकधी पेशी इतक्या बिघडलेल्या दिसतात की त्यांचं मूळ गाव ओळखूच येत नाही. मग त्याच तुकड्याच्या अगदी पातळ चकत्या कापून एकेकीवर वेगळी अँटीबॉडी टाकतो, तिचं प्रोटीन जिथे असेल तिथे ती चिकटते आणि तपकिरी रंग उमटतो. हेपपार-१ किंवा आर्जिनेज-१ या लिव्हरच्या स्टेनला रंग आला तर लिव्हरच्याच पेशी असण्याची शक्यता जास्त (आर्जिनेज हे युरिया बनवणारं एन्झाइम, ते मुख्यतः लिव्हरचंच काम). सीके-२० आणि सीडीएक्स-२ या प्रोटीन्सना रंग आला, सीके-७ हे प्रोटीन कोरं राहिलं, तर मी मोठ्या आतड्याकडे बघते. सीडीएक्स-२ चा रंग फक्त न्यूक्लियसमध्ये येतो, मायक्रोस्कोपखाली तपकिरी ठिपके-ठिपके दिसतात.

पण एकाच स्टेनवर कधीच विसंबत नाही. जठराचा एखादा कॅन्सरही हेपपारला रंग देतो, आणि लिव्हरचा फार बिघडलेला कॅन्सर हेपपारला कोरा राहू शकतो, तिथे ग्लिपिकन-३ हा दुसरा स्टेन कामी येतो. पित्तनलिकेचा कॅन्सर आणि पॅनक्रियाजमधून आलेला तर स्टेनवर बहुतेकदा सारखेच दिसतात, तिथे स्कॅन बघूनच ठरवावं लागतं.

बाबांना बहुतेक परत सुई टोचावी लागणार नाही, आधीच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो, त्यावरच होतं. फक्त तुकडा शेवईएवढा बारीक, सगळे स्टेन त्यात बसत नाहीत. म्हणून फॉर्मवर नुसतं 'लिव्हर बायोप्सी' लिहून पाठवू देऊ नका. आधी कसलं ऑपरेशन झालंय का, हेपटायटिस बी किंवा सिरोसिस आहे का, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) किती आलं, हे सगळं लिहून द्या, अगदी दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी. आधी कुठले स्टेन लावायचे ते मी त्यावरूनच ठरवते.