पुढच्या दहा वर्षांत जगभरातला पर्यटन व्यवसाय कसा बदलेल? या क्षेत्रात शिरावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की टी.वाय.ला आहात, ट्रॅव्हल-टुरिझमचा डिप्लोमा करायचं मनात आहे, आणि घरचे म्हणतात, "आता सगळं एआय करणार, टूरवाल्यांना कोण विचारतंय?" हे शेवटचं वाक्य नसतं तर मी प्रश्न वाचून पुढे सरकलो असतो. माझा भाचा हेच वाक्य मला घरातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक गणपतीत ऐकवतो. तो पुण्यात आयटीत आहे. मी निम्मं आयुष्य युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर म्हणून काढलं. त्याच्या मते मी झेंडी धरून पुढे चालायचो, बाकी काही नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं पटकन सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, गावंच आता पर्यटकांना वैतागली आहेत. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता नुसतं फिरायला येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये दिवस वाढवले आणि ऐनवेळी पैसे भरणाऱ्याला १० युरो लावले. शिवाय गाइडसोबत २५ पेक्षा मोठा गट नको, लाउडस्पीकर नको. पन्नास माणसांचा कोच घेऊन उतरणाऱ्या आमच्यासारख्यांना म्हणजे दोन गाइड आले, गाइडचा खर्च दुप्पट. अ‍ॅमस्टरडॅमने हॉटेलवरचा पर्यटक कर साडेबारा टक्क्यांवर नेला. बार्सिलोनाच्या महापौरांनी पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर दिवसाला २० हजारांचीच मर्यादा, तीही वेळ ठरवून. "मनात आलं, निघालो" हे दिवस संपले.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल ते जून, म्हणून आपला युरोपचा सीझनही तोच. हल्ली तिकडे जूनमध्येच उन्हाच्या लाटा येतात, अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागतं. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा हजारो पर्यटकांना हॉटेलं सोडून पळावं लागलं. तिसरी गोष्ट कागदपत्रं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालंय, पासपोर्टवरचा शिक्का जातोय. (शिक्के मोजणाऱ्या काकांचं काय होणार, देव जाणे.)

थोडक्यात, फिरणं महाग होणार, नियमांनी बांधलेलं होणार, आणि ऐनवेळी बिघडणार. माझा मुद्दा शेवटच्या, ऐनवेळी बिघडण्यावर आहे.

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेमुळे युरोपचं आकाश काही दिवस बंद झालं. लाखभर उड्डाणं रद्द झाली. मी तेव्हा पॅरिसमध्ये होतो. सहलीचा शेवटचा मुक्काम, चाळीसेक पॅक्स (आमच्या भाषेत प्रवासी), निम्मे साठीच्या पुढचे, दुसऱ्या दिवशीचं परतीचं विमान. आमच्या विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "निसर्गाची आपत्ती आहे, आमची काही जबाबदारी नाही." मी म्हटलं, युरोपच्या २६१ नंबरच्या नियमाप्रमाणे जेवण आणि हॉटेल तुम्हालाच द्यायचंय, आपत्ती कुठलीही असो. त्याने खांदे उडवले. २०१३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने याच ज्वालामुखीवरून आलेल्या एका दाव्यात नेमकं तेच सांगितलं, पण तेव्हा काउंटरवर मी एकटाच ते म्हणत होतो.

मुंबई ऑफिसचं म्हणणं, थांबा. गटातल्या एका वकीलसाहेबांचं म्हणणंही तेच, कारण हललो तर जेवण-हॉटेलचा हक्क जाईल. मला थांबायचं नव्हतं. एका आजोबांचं इन्सुलिन संपत आलं होतं, दोन बायकांचे व्हिसा दोन दिवसांत संपत होते, आणि हॉटेल रोज नवीन भाव सांगत होतं. रोमचं विमानतळ मात्र चालू होतं. त्यात फ्रान्सच्या रेल्वेत संप. म्हणजे रस्ता.

आमचा ड्रायव्हर पोलिश होता. भला माणूस, पण टॅकोग्राफ (गाडी किती तास चालवली ते नोंदवणारं यंत्र) त्याच्या डोक्यावर बसलेला: दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, फार तर १०, साडेचार तासांनी पाऊण तासाची विश्रांती, रात्रीचा आराम सक्तीचा. नियम मोडला तर दंड होतो. पॅरिस ते रोम चौदाशे किलोमीटर, एका दिवसात होत नाही. मधे मुक्काम हवा, आणि त्या आठवड्यात अख्खा युरोप रस्त्यावर होता. रात्रभर फोन करून तुरीनच्या बाहेर ट्रकवाले उतरतात तसलं एक हॉटेल मिळालं. पॅरिसच्या ला शापेल भागातल्या एका तमिळ खानावळीतून सकाळी भात-सांबाराचे डबे भरून घेतले. हॉटेलने बोलावलेल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, फार्मसीतून इन्सुलिन आलं, ते थंड ठेवायला ड्रायव्हरने त्याच्या पुढच्या छोट्या फ्रिजमधल्या स्वतःच्या बियर काढून दिल्या. वकीलसाहेब शेवटच्या क्षणी कोचमध्ये चढले, आणि रोमपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, ही त्या प्रवासातली एकमेव शांतता.

रोमला खरी कसरत. चाळीस माणसं एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर. तो फोडायला विमान कंपनीच्या ग्रुप डेस्कशीच बोलावं लागतं, आणि ग्रुप डेस्क फोन उचलत नाही. शेवटी आखाती देशांमार्गे तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं. आधी आजोबा आणि त्यांची सून, मग व्हिसा संपणाऱ्या दोघी, मग लहान मुलंवाले. कोणाला आधी पाठवायचं हे मी ठरवलं, आणि ज्यांना मागे ठेवलं त्यांच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

भाचा म्हणतो, "मामा, आज असतं तर फोनवर दोन मिनिटांत रीबुक झालं असतं." होतं ना, एकट्याचं. अ‍ॅप प्रत्येकाला तीच शेवटची चार सीटं दाखवतं, आणि ज्याचं बोट आधी लागेल तो जातो. इन्सुलिनवाले आजोबा त्या शर्यतीत शेवटी येतात. त्यांना आधी बसवा, हे सांगायला कोणीतरी लागतं, आणि ते चुकलं तर कोणाची कॉलर धरायची हेही माहीत असावं लागतं. २०२४ मध्ये कॅनडात एक निकाल लागला. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, आणि कंपनी म्हणाली की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! लवादाने ते फेटाळलं आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. भाच्याला ही बातमी मी पाठवली. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आता थोडं उलट बाजूचंही. रोमची सीटं शोधायला मला फोनवर जितका वेळ लागला, त्याच्या एक शतांशात आजचं यंत्र ती दाखवेल, हे खरंच आहे. सहलीचे आराखडे मी स्वतः आता एआयकडून काढून घेतो, फक्त अंतरं आणि बंद असायचे वार तपासतो. नुसती तिकिटं काढून देणाऱ्याचं काम संपलंय. पन्नासच्या कोचची सहल मरायला टेकलीय, हेही मान्य. पगारही सुरुवातीला वाईट, सीझन संपला की घरी बसायचं. हे आधी सांगायला हवं होतं खरं तर.

डिप्लोमाचं म्हणाल तर फी भरण्याआधी संस्थेत जाऊन विचारा: ड्रायव्हरच्या तासांचा नियम शिकवता का? विमान रद्द झालं तर प्रवाशाचे हक्क शिकवता का? प्रथमोपचार? गॅलिलिओ-अमेडियस या तिकीट बुकिंगच्या सिस्टिम्सच्या कमांड पाठ करून घेण्यातच वर्ष जाणार असेल तर तेच पैसे फ्रेंच किंवा जपानी शिकण्यात घाला आणि एखाद्या टूर कंपनीत ऑपरेशन्सला, म्हणजे सहलींची व्यवस्था बघणाऱ्या विभागात, एक सीझन काढा. मुलाखतीत पगाराआधी एकच विचारा: रात्री दोन वाजता पॅक्सचा फोन आला तर तो तुमच्याकडे कोण उचलतं?