नवे कॉमिक्स साठवून पैसे होतील का?

अरे, एकाच अंकाची पाच वेगवेगळी कव्हरं घेतलीस म्हणे. भाव वाढेल म्हणून घेतली असशील तर थांब. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाख प्रती निघाल्या, आणि लोकांनी त्या जपूनच ठेवल्या. म्हणून आजही तो स्वस्तात मिळतो. उलट सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक पोरांनी वाचून फाडला, रद्दीत गेला. उरलेल्या मोजक्या प्रतींना कोटींचा भाव त्यामुळेच.

आपल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चंच उदाहरण घे. १९६४ ला सुरू, १९९० ला बंद. त्याचा एक मराठी अंक मला नवी पेठेत रद्दीच्या ढिगात सापडला. पिना गंजलेल्या, मधलं पान सुटलेलं, तरी हातातून ठेववेना.

नवं घ्यायचंच तर चित्रं आवडली म्हणून एकच प्रत घे. आणि ती पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नकोस. सोलापूरच्या मे महिन्यात कागद पिवळा पडून कडेने तुटायला लागतो. आतल्या खोलीतल्या कपाटात, पिशवीत घालून, मागे आम्लविरहित पुठ्ठा लावून उभी ठेव. पुठ्ठा नसेल तर माझ्याकडून घेऊन जा.