बॅलास्ट : जहाजातले पाणी, रुळांखालची खडी आणि ट्यूबचा चोक

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. जहाजात भरलेल्या समुद्राच्या पाण्याला तो ‘बॅलास्ट’ म्हणतो. रेल्वेत काम करणारे आमचे शेजारी रुळांखालच्या खडीला बॅलास्ट म्हणतात, आणि घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या चोकवरही हाच शब्द छापलेला आढळला. या तिन्ही वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संबंध आहे, मात्र तो वस्तूंचा नसून कामाचा आहे. मूळ अर्थ जहाजाचा. ज्या भाराचे भाडे मिळत नाही, पण ज्याच्यावाचून रिकामे जहाज बंदराबाहेर काढता येत नाही, तो भार म्हणजे बॅलास्ट. आपल्याकडचे जुने खलाशी त्याला नीरम म्हणत. माल उतरवलेले जहाज पाण्यावर फार वर तरंगते, त्याचा पंखा पाण्यात पुरेसा बुडत नाही आणि वाऱ्यालाटांनी ते कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून पूर्वी तळाशी दगड, वाळू किंवा जड धातू भरत. पोलादी जहाजे आणि वाफेवर चालणारे पंप आल्यावर त्यांची जागा समुद्राच्या पाण्याने घेतली, कारण पाणी भरायला आणि उपसायला हमाल लागत नाहीत.

भार केवळ असून भागत नाही, तो किती आणि कोठे आहे याला महत्त्व असते. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, स्टॉकहोम बंदरातून दीड किलोमीटरही पुढे गेली नसताना, वाऱ्याच्या एका झोताने कलंडून बुडाली. तिच्या तळात सुमारे 120 टन दगड होते. परंतु वरचे मजले आणि तोफा यांच्या मानाने ते अपुरे होते. आणखी दगड भरले असते तर नौका अधिक खोल बसली असती आणि तोफांच्या खालच्या रांगेची भोके पाण्याच्या पातळीला टेकली असती. म्हणजे चूक दगड मोजणाऱ्यांची नव्हती, आराखड्याचीच होती.

आपल्या चिरंजीवांच्या बोलण्यात बॅलास्टचा विषय वारंवार येत असेल, तर त्याचे कारण आजचे नियम हे आहे. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर कच्चे तेल उतरवणारे टँकर जसजसे रिकामे होतात, तसतशा त्यांच्या बॅलास्टच्या टाक्या इथल्या पाण्याने भरल्या जातात. ते पाणी पुढे माल भरायच्या बंदरात सोडले जाते. पूर्वी टँकरवाले हे पाणी तेलाच्याच टाक्यांत भरत आणि तेलकट झालेले पाणी समुद्रात जाई; पुढे जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोठ्या टँकरना बॅलास्टच्या स्वतंत्र टाक्या सक्तीच्या झाल्या. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्ले, सूक्ष्म वनस्पती आणि जंतू परक्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचतात. झेब्रा जातीचे शिंपले अशाच प्रकारे उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत शिरले आणि त्यांनी पाणीपुरवठ्याच्या नळांची तोंडे बुजवली. यासाठी 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तो 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे. त्यानुसार पाणी आधी खोल समुद्रात बदलावे लागे. आता ते गाळून, अतिनील किरणांनी किंवा अन्य उपायांनी निर्जंतुक करूनच सोडायचे असते.

रुळांखालच्या खडीला हे नाव मिळाले ते इंग्लंडमधील टाइन नदीकाठी, असे मानले जाते. कोळसा पोहोचवून रिकामी परतणारी जहाजे तेथे वाळू-गोटे टाकत, आणि तोच माल कोळशाच्या डब्यांच्या रुळांखाली अंथरला जाई.

चोकमध्ये मात्र वजनाचा काहीच संबंध नाही, स्थैर्याचा आहे. नळीतल्या वायूतून वीज एकदा वाहू लागली की त्याचा अवरोध घटत जातो आणि प्रवाह बेसुमार वाढून नळी जळू शकते. चोक त्या प्रवाहाला लगाम घालतो. शिवाय स्टार्टर उघडताच विजेच्या दाबाचा जो झटका नळी पेटवतो, तोही चोकचाच. जुन्या तांब्याच्या चोकची गुणगुण त्याच्या लोखंडी पत्र्यांच्या सेकंदाला शंभर कंपनांमुळे होते. एलईडी ट्यूब बसवताना हा चोक काढायचा की ठेवायचा, हे त्या ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेले असते. ते वाचूनच जोडणी करावी.

प्रश्न : रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये खडी उपसतात आणि बरीचशी तीच पुन्हा टाकतात, हे पाहून आश्चर्य वाटते. मग मेट्रोच्या रुळांखाली खडी का नसते?
– एक वाचिका, कुर्ला

उत्तर : ती उपसाउपस व्यर्थ नाही. गाडीचे वजन रुळांवरून स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) आणि स्लीपरखालच्या सुमारे फूटभर जाडीच्या खडीतून पसरत जमिनीपर्यंत जाते. त्यासाठी 20 ते 65 मिलिमीटर आकाराचा, धारदार कडांचा काळा पाषाण वापरतात. त्याच्या कडा एकमेकींत अडकतात, नदीतले गोल गोटे मात्र भाराखाली घरंगळतात. स्लीपरच्या टोकांबाहेर चढवलेली खडी उन्हात तापून प्रसरण पावू पाहणाऱ्या, सलग जोडलेल्या रुळांना वाकू देत नाही. परंतु सततच्या गाड्यांनी खडीचा चुरा होतो, खालचा चिखल वर येतो आणि रुळांवर फेकलेला कचरा त्यात भर घालतो. मग पोकळ्या बुजतात, पाणी निचरत नाही आणि पावसाळ्यात रूळ खचू लागतात. यंत्राने खडी चाळून बारीक माती वेगळी करतात, चांगले दगड परत टाकतात, तुटीपुरती नवी खडी घालतात आणि ती ठोकून रूळ समपातळीत आणतात. मेगाब्लॉकला नावे ठेवणाऱ्यांनी निदान हे काम पाहावे.

मेट्रोमध्ये रूळ लवचीक पॅडवर ठेवून थेट काँक्रीटला जखडलेले असतात. आरे ते कफ परेडसारख्या भुयारी मार्गात खडी चाळायला जागा आणि वेळ दोन्ही नसतात, आणि उन्नत मार्गावर खडीचे वजन खांबांवर पडले असते. काँक्रीटचा खर्च मात्र सुरुवातीला जास्त येतो, आवाज व कंप अडवण्याची वेगळी सोय करावी लागते, आणि पाया खचला तर दुरुस्ती खडीइतकी सोपी राहत नाही. उपनगरी रेल्वेचे मार्ग भरावावर आहेत आणि भराव थोडाफार बसतोच, त्यामुळे तेथे खडी टिकून आहे.