इंजिनिअरचे बारा हजार द्याच. पण गुरुजी, बाकीचे पैसे कुठे आहेत?

लातूरहून एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय 44, हातात पगार 72 हजार, मुलगी अकरावीत, 'नीट'ची तयारी करतेय. सध्या नऊ हजार भाडं भरतात. चौदा वर्षं जुनं रो-हाऊस 40 लाखांत ठरलं आणि अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधून दोन लाख इसारही दिला. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: स्ट्रक्चरल इंजिनिअर घर तपासायचे 12 हजार मागतोय, एजंट म्हणतो बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, आता आणखी तपासणी कशाला? हा खर्च करावा का?

करा गुरुजी. याच आठवड्यात करा. खरं तर इसार देण्याआधीच करायला हवा होता.

व्हॅल्युअर येतो तो बँकेसाठी. उद्या हप्ते थकले तर हे घर केवढ्याला विकलं जाईल, एवढंच त्याला सांगायचं असतं. भिंतीत ओल का आहे, स्लॅबची सळई गंजली का, हे बघणं त्याचं काम नाही. तुम्ही लिहिलंय, 'हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला होता, पण मालकाने नुकताच रंग दिला, आता दिसत नाही.' हे वाक्य वाचून मी थांबलो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून असे तिरपे तडे जातात. हे तडे मे महिन्यात सर्वांत रुंद असतात, आणि नेमका त्याच सुमाराला मालकाने रंग दिला. मालक खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. पण तडा पायाचा आहे की नुसत्या प्लास्टरचा, हे रंगाखालून तुम्हाला दिसणार नाही आणि मलाही दिसणार नाही. इंजिनिअर ओळंबा लावेल, भिंत ठोकून बघेल, पायाशी एखादा खड्डा घेऊ द्या म्हणेल. मालकाला विचारून घेऊ द्या.

त्याला आणखी एक विचारा: जोत्याला आणि लिंटेलला, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला, सळईचा सलग पट्टा आहे का? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं पेललेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर हा पट्टा घालायचा हे सगळ्यांना कळलं, पण कळलं म्हणून प्रत्येक ठेकेदाराने घातलाच असं नाही. गच्चीवर आळी करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या खोल्यांचं छत बघा. एक टँकर लागेल, लागू द्या. बोअर चालू करून तासभर उभे राहा. मेमध्ये जे पाणी येतं तेच त्या बोअरचं खरं पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात तुम्ही घर घेताय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. मला झोप लागू दिली नाही ती तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींनी.

तुम्ही लिहिता: 'बँकेचं कर्ज 30 लाख मंजूर. माझ्याकडे एफडी 4 लाख आणि युलिपमध्ये 6.7 लाख आहेत. तीन वर्षं झाली की काढता येतील असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं होतं.'

गुरुजी, ते काढता येणार नाहीत. युलिप म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, आणि तिला पाच वर्षांचा लॉक-इन असतो, तोवर पैसे काढता येत नाहीत. वर्षाला दोन लाखांचे तीन हप्ते तुम्ही भरले, म्हणजे अजून दोन वर्षं त्या पैशाला हात लागत नाही. पॉलिसी आज बंद केली तरी रक्कम वेगळ्या फंडात जाऊन पडते आणि पाच वर्षं पुरी झाल्यावरच हातात येते. हे पॉलिसीच्या कागदावर छापलेलं असतं. टेबलापलीकडच्या माणसाने ते तुम्हाला सांगितलं नाही, उलट 'तीन वर्षांनी मोकळे' म्हणून सांगितलं. ही फसवून केलेली विक्री आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही. तक्रार लेखी द्या, पण तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

आता हिशोब करू. घर 40 लाखांचं, कर्ज 30. वरचे 10 तुमचे. मुद्रांक शुल्क 6 टक्क्यांनी 2 लाख 40 हजार, नोंदणी 30 हजार. खरेदीखत घरच्या मॅडमच्या नावाने केलं तर एक टक्का, म्हणजे 40 हजार वाचतील. तेवढं जरूर करा. तरी सव्वाबारा लाख खिशातून हवेत. डागडुजी मी धरलेलीच नाही. खरोखर हाताशी आहेत सहा: दोन इसाराचे, चार एफडीचे. सव्वासहा लाखांचं भगदाड आहे.

एजंट म्हणतो, पतसंस्थेतून सात लाख उचला, पगारातून कपात होईल, कळणारही नाही. कळेल. बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साडेपंधरा हजार. गृहकर्जाचा, साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरून, 26 हजार. झाले साडेएकेचाळीस. युलिपचे वर्षाचे दोन लाख म्हणजे महिन्याला जवळजवळ 17 हजार. 72 हजारांतून उरले साडेतेरा. त्यात किराणा, पेट्रोल, आजारपण आणि लेकीचा क्लास? लातूरला क्लासची फी काय असते ते तुम्ही मला सांगाल. शिवाय पगारपत्रकावर ती कपात दिसली की बँक मंजूर तीस लाखही कमी करू शकते.

'पण इसार बुडेल' ही तुमची भीती मला समजते. दोन लाख ही तुमच्या तीन महिन्यांच्या पगाराला थोडीच कमी रक्कम आहे. पण इसार वाचवायला काढलेल्या त्या सात लाखांवर पाच वर्षांत व्याजच सव्वादोन लाखांच्या वर जातं. शेजारी शेजारी मांडून बघा.

आणि एजंटचं ते 'तीन वर्षांत साठ लाख' सोडून द्या. त्यासाठी दरवर्षी साडेचौदा टक्के भाव वाढायला हवा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या भागाची सूची-2, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचा गोषवारा, काढा, मागच्या तीन वर्षांत काय भावाने खरेदीखतं झाली ती बघा. एजंटच्या बोलण्यापेक्षा ते कागद खरे.

माझं मत: हे घर या वर्षी तुमचं नाही. युलिपचा चौथा हप्ता भरू नका. पॉलिसी चालू ठेवायची नाही असं लेखी कळवा. पॉलिसी बंद करण्याची कपात दोन हजारांच्या आत बसते आणि पडून राहिलेल्या पैशावर किमान चार टक्के मिळतात. त्या पॉलिसीच्या विम्यावर तसंही घर चालणार नव्हतं, म्हणून हप्ता थांबवण्याआधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता विमा, घ्या. त्याचा खर्च वजा करून वाचणारे महिन्याला चौदा-पंधरा हजार आरडीत टाका. दोन वर्षांत त्याचे साडेतीन लाख, एफडीचे चार, युलिपचे सातच्या आसपास. साडेचौदा लाख, कुणाचं देणं नसलेले. तेव्हा लेकीची बारावी झालेली असेल आणि ती कुठल्या गावी शिकायला जाते हेही कळलेलं असेल.

आता मालकाकडे जा. इंजिनिअरचा अहवाल हातात घेऊन जा, एजंटला बरोबर नेऊ नका. तडा पायाचा निघाला तर इसार परत मागायला तुमच्याकडे सबळ कारण आहे. घर धड निघालं तर सरळ सांगा की पैशाची सोय फसली, आणि दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत इसारातले निदान एक लाख परत द्या म्हणा. जे ठरेल ते त्याच इसारपावतीच्या मागे लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पावतीवरची मुदत जुलैअखेर संपते, त्यामुळे ही भेट जूनच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलू नका.