ज्यू कुटुंबावर लघुपट करायचा आहे. कलाकार गोरेच घ्यावे लागतील का?

तुमचं कथानक १९५० च्या सुमाराचं, अलिबागकडच्या बेने इस्रायल (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबाचं. आणि तुम्हाला सल्ला मिळालाय की ‘प्रेक्षकांना ज्यू वाटायला हवेत तर गोरे चेहरे घ्या, काळी हॅट घाला.’ हा सल्ला सरळ विसरा.

काळी हॅट, लांब कोट, यिडिश भाषेचा हेल हे सगळं पूर्व युरोपातलं. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ उभे करणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच भागातून आलेल्या कुटुंबांतले, म्हणून पडद्यावरचा ज्यू तसा ठरून गेला. इराक, येमेन, मोरोक्को, इथिओपिया किंवा कोकणातल्या ज्यूंचा त्या पोशाखाशी काही संबंध नाही.

पण नुसता रंग बदलूनही भागत नाही. हल्ली सावळं पात्र घेतात आणि घरातली भाकरी-भाजी, प्रार्थनेचे उच्चार सगळं पोलंडचंच ठेवतात. माझ्या मते हे जास्त वाईट, कारण वरून ते उदार दिसतं. इस्रायलचं उदाहरण घ्या. १९६४ च्या ‘सल्लाह शबाती’त पूर्वेकडच्या देशातून आलेल्या कुटुंबप्रमुखाची भूमिका तोपोल या युरोपीय वंशाच्या नटाने केली. तो माणूस नेमका कुठल्या देशातून आला हेच चित्रपटात कळत नाही. नुसता ‘पूर्वेकडचा’! उलट २००१ चा ‘लेट मॅरेज’ जॉर्जियन ज्यूंचाच आहे. दिग्दर्शक दोव्हर कोसाश्विली जॉर्जियात जन्मलेले, पात्रं घरात जॉर्जियन बोलतात आणि नायकाच्या आईचं काम दिग्दर्शकाच्या आईनेच केलंय. तेव्हा ‘ज्यू कसे दिसतात’ यात अडकू नका. आधी समाज, गाव आणि वर्ष पक्कं करा. बाकीचं त्यातून निघतं.

तुमच्या बाबतीत चेहऱ्याची अडचणच नाही. मराठी कलाकार घ्या, मेकअप नेहमीचा. डेव्हिड हे नट बेने इस्रायल, आडनाव चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मध्ये ते जॉन चाचा झाले आणि कुणाला काही खटकलं नाही. घरात बोली रायगडची मराठी, बायका साडीत. आडनावं गावावरून: रोहेकर, पेणकर, नवगावकर. आजोबांच्या पिढीला सामाजी, इसाजी अशी नावं शोभतील, नातवंडांना सॉलोमन, रिबेका.

शुक्रवार संध्याकाळच्या प्रसंगात हमखास चूक होते. दिवा सूर्यास्ताच्या आधी लावतात, साधारण १८ मिनिटं. सूर्य मावळला की शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) सुरू, मग आग पेटवायची नाही. म्हणजे दिवा लावताना खिडकीतून उजेड यायलाच हवा. रात्रीच्या निळ्या प्रकाशात काडी ओढलीत की जाणकार प्रेक्षक तिथेच सुटला. आशीर्वादाच्या पेल्यात दारूही नको. कोशर (ज्यू धर्मनियमांत बसणारी) वाइन मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करत.

दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (प्रार्थनेचा लेख ठेवलेली छोटी डबी) आत शिरताना उजव्या हाताला, वरच्या एक तृतीयांश भागात. युरोपीय ज्यू तो तिरका लावतात. बेने इस्रायल सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंची) पद्धत पाळतात, तेव्हा उभा सरळ ठोका. कलाविभाग इंटरनेटवरचं चित्र बघून तिरका लावेल, लक्ष ठेवा. हिब्रू उच्चारही सेफार्दी: ‘शब्बात’, ‘शाब्बोस’ नव्हे.

जेवणात मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून दही घालायचं नाही आणि शेवटी खीर द्यायचीच तर तीही नारळाच्या दुधातली. ज्यू नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. वल्हांडणाला (पासओव्हर सणाला) भात दाखवायला हरकत नाही. भात वर्ज्य मानतात ते युरोपीय.

नवस फेडायचा प्रसंग असेल तर मलिदा घ्या, आणि क्लोजअप घ्या. पोहे भिजवलेले (फोडणीचे नव्हेत!), ओलं खोबरं, साखर, वेलची, ताटात ढीग, भोवती फळं. एलियाहू हनबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन प्रार्थना होते, मग वाटप. पोहे तासभर आधी भिजवले तर दिव्यांच्या उष्णतेने गिच्च गोळा होतो. दर दोन-तीन टेकला नवं ताट लागेल एवढं सामान आणा.

आठ दिव्यांचा हनुक्का दीप ‘ज्यूपणाची खूण’ म्हणून कोपऱ्यात ठेवायचा मोह टाळा. हा सण कोकणात मुळात माहीतच नव्हता, तो नंतर बाहेरच्या ज्यूंच्या संपर्कातून आला. १९५० ला घरात असणं अशक्य नाही, पण आजीच्या आठवणीत घातलात तर फसाल.

प्रार्थनेचे टेक घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. श्रद्धाळू लोक सरावात देवाचं नाव घेत नाहीत, ‘अदोशेम’ म्हणतात. सल्लागाराने तसं शिकवलं आणि नटाने तेच पाठ केलं, तर तेच पडद्यावर जातं. कुठल्या टेकला खरा उच्चार, हे सल्लागाराशी आधीच बोला. आणि सल्लागार त्याच समाजातला वयस्क माणूस हवा. न्यूयॉर्कचा कितीही विद्वान असला तरी मलिद्याचं ताट त्याला लावता येणार नाही.

सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) चित्रण करणार असाल तर शुक्रवार दुपार, शनिवार आणि सणवार सोडून तारखा मागा. तोराची (ज्यू धर्मग्रंथाची) खरी गुंडाळी मागू नका, प्रतिकृती करून घ्या. मजकुरावर बोट ठेवून वाचत नाहीत, चांदीची काडी वापरतात, तीही प्रॉपच्या यादीत लिहा.