वाचक विचारतात : ऑर्गनची पेटी कशी करावी?

प्रश्न : आमच्या प्रार्थनागृहात चार फुटी प्रिन्सिपलचा (म्हणजे मुख्य पाइपसंचातला सर्वांत मोठा पाइप सुमारे चार फुटांचा) छोटा पाइप ऑर्गन बसवायचा आहे. त्याची पेटी, म्हणजे पाइपांभोवतीचे लाकडी कपाट, सोलापुरातच सुताराकडून करून घेणार आहोत. उंची किती, लाकूड कोणते? धुळीसाठी मागे दारांऐवजी सोलापुरी चादर सोडली तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चादर नको. मागची बाजू, दोन्ही कडा आणि छत बंद असले, तरच सगळ्या पाइपांचा आवाज आत मिसळून समोर फेकला जातो. कापड वरचे स्वर पिऊन टाकते. मागे पूर्ण उंचीची लाकडी दारेच हवीत. सूर लावणाऱ्याचा हात प्रत्येक पाइपपर्यंत पोचला पाहिजे. त्याहून जास्त खोल पेटी करू नका.

उंची पाइपवरून काढा. सर्वांत मोठ्या पाइपचे अंग साधारण १२० सेंमी, खालचा निमुळता पाय २५ सेंमी धरा, व्यास सुमारे ९ सेंमी. डोक्यावर निदान व्यासाएवढी जागा मोकळी हवी, नाहीतर स्वर उतरतो. पाइप जमिनीपासून १०० सेंमीवर उभे राहणार असतील, तर छत २५५ सेंमीच्या खाली आणू नका. समोरची कोरीव जाळी पाइपांच्या वरच्या रिकाम्या जागेतच शोभते. पाइपच्या तोंडापुढे (पायाच्या वरच्या, आवाज निघणाऱ्या फटीपुढे) काहीही येता कामा नये.

लाकूड सागवान घ्या. ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ४० सेंमी रुंद फळी ३ मिमीपर्यंत फुगते किंवा आकसते. सोलापूरचा कोरडा मे आणि दमट ऑगस्ट पाहता हे होणारच. म्हणून पॅनेल चौकटीच्या १० मिमी खोल खाचेत सैल बसवा, फेविकॉल अजिबात नको. मे महिन्यात बसवत असाल, तर दोन्ही बाजूंना २ मिमी सोडा. घट्ट चिकटवलेली फळी तडकते. पातळ प्लायवूड तर खालच्या स्वरांना थरथरते, आणि ती थरथर शोधण्यात दिवस जातात.

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि फटी भरायचे आंबूस वासाचे सिलिकॉनही टाळा. त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ शिशाचे पाइप खाते. ओक लाकडाचेही तेच : जर्मनीतल्या ल्युबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या जुन्या ऑर्गनच्या पाइपांचे पाय असेच झिजले.

राहिली उष्णता. दर अंशाला स्वर सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). डिसेंबरच्या १५ अंशांपासून मेच्या ४० अंशांपर्यंत ७५ सेंट, म्हणजे पाऊण अर्धस्वर! सगळे पाइप एकसारखे चढले तर निभते. पेटीचा माथा पत्र्याखाली तापला, तर वरचे पाइप वेगळे बोलू लागतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला पेटी लावू नका, आणि ब्लोअरची (पाइपांना वारा पुरवणाऱ्या पंख्याची) हवा गच्चीवरून न घेता त्याच दालनातून घ्या.